डबलसीट बसलं की मागून घासल्याचा आवाज आणि हँडल हलकं: दीड वर्ष परत परत येणारा त्रास

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे ज्याला हाच त्रास आहे त्याला लगेच ओळखू येईल. बाईक दीडशे सीसीची, पुढे डिस्क मागे ड्रम, मागे दोन शॉकअप, सहा वर्षं जुनी, पंचेचाळीस हजार पळालेली. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण दोष गाडीचा नाहीच निघाला, उगाच कशाला कोणाची बदनामी. एकटा असलो की गाडी एकदम मस्त. बायको मागे बसली की स्पीडब्रेकरवर मागून "थड्ड", आणि त्याच्या मागोमाग अर्धा सेकंद "घर्रर्र" असं रबर कशाला तरी घासल्यासारखं. सत्तरच्या पुढे गेलं की हँडल हातात हलकं लागायचं, म्हणजे गाडी पुढून तरंगते की काय असं, आणि ट्रक बाजूने गेला की मागचा भाग दोनदा डुलून मग सरळ व्हायचा. रात्री समोरचे सगळे डिप्पर मारायचे आणि मी मनात त्यांनाच शिव्या द्यायचो कारण माझी लाइट तर लोवर होती ना.

आणि सगळ्यात विचित्र म्हणजे हा त्रास पुण्याहून माणगावला जाताना कमी आणि येताना जास्त. बायकोचं माहेर तिकडे, त्यामुळे दोन महिन्यातून एकदा ताम्हिणी घाटातून जाणं येणं असतंच. मी आपलं ठरवून टाकलं होतं की येताना घाटाखालच्या विळ्यापासून चढ लागतो म्हणून असं होत असेल. हे साफ चुकीचं होतं पण ते कळायला दीड वर्ष गेलं.

मधल्या काळात काय काय केलं ते सांगतो. पहिल्यांदा मेकॅनिकने मागे वाकून बघितलं आणि म्हणाला साहेब टायर घासतोय, कॅरियरचा बोल्ट आत आलाय. खरंच आला होता. टॉप बॉक्स (सीटमागे कॅरियरवरची सामानाची पेटी) लावताना फिटिंगवाल्याने लांब बोल्ट वापरले होते आणि तेही उलटे, डोकं वर आणि आट्याचं टोक खाली टायरकडे. त्या टोकावर चकचकीत घासलेलं आणि टायरच्या मधोमध एक बारीक रेघ. ग्राइंडरने बोल्ट कापला, आवाज बंद, मी खूष, दोनशे रुपये दिले. दोन महिन्यांनी आवाज परत. आता मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला घासत होतं. मग शॉकअप "टाइट" करून घेतले, महिनाभर बरं वाटलं, सर्व्हिसिंग झालं आणि पहिले पाढे पंचावन्न. मग वैतागून मागचे दोन्ही शॉकअप नवीन टाकले, चांगले पैसे गेले, आणि सर्व्हिसिंगनंतर पुन्हा तेच. प्रत्येक वेळी काहीतरी केलं की थोडे दिवस बरं, मग परत.

शेवटी ज्याने डोकं ताळ्यावर आणलं तो माझा एक मित्र, त्याचं धान्याचं दुकान आहे. तो म्हणाला अरे तू पार्ट बदलत बसलायस, आधी वजन तर कर. त्याच्याकडे पोती मोजायचा प्लॅटफॉर्म काटा आहे. रविवारी दुपारी दुकान बंद असताना गाडी नेली, मागचं चाक काट्यावर, पुढचं चाक तेवढ्याच उंचीच्या फळीवर, म्हणजे गाडी सपाट राहील, आणि मग उलटं. बायकोला आधी हे काय येड्यासारखं वाटलं, नंतर तीच आकडे लिहून घ्यायला लागली.

नुसती गाडी १४७ किलो, त्यातले पुढे ७० मागे ७७. मी ८२, त्यातले पुढे २९ मागे ५३. बायको ५८, आणि तिच्यातले पुढच्या चाकावर फक्त ५. उरलेले ५३ सरळ मागे. म्हणजे माझ्यापेक्षा चोवीस किलोने हलकी असूनही मागच्या चाकाला ती माझ्याएवढीच जड. कारण साधं आहे, मागची सीट जवळजवळ मागच्या एक्सलच्या, म्हणजे चाकाच्या आसाच्या, डोक्यावर असते, आपण पुढे बसतो म्हणून आपलं वजन दोन्ही चाकात वाटलं जातं. आता येतो टॉप बॉक्स. बॉक्स एक्सलच्या मागे लटकतो, सीसॉसारखं, त्यामुळे त्यातलं सामान मागे वजन टाकतंच आणि वर पुढचं चाक उचलतं. बॉक्सात सामान धरून २० किलो ठेवले तर मागचा आकडा २० ने नाही, २६ ने वाढला आणि पुढचा ६ ने कमी झाला. एकूण पुढे ९८ आणि मागे २०९. हँडल हलकं का लागत होतं ते तिथे त्या काट्यावर दिसलं.

आणि २० किलो का, तर माणगावहून येताना सासूबाई काय देतात ते तुम्हाला माहीत असेल. "एवढंसं तर आहे" म्हणून दहा किलो तांदूळ, त्यात कोकम, सुके बोंबील, सीझनला काजूगर नाहीतर अर्धा फणस. जाताना बॉक्समधे दोन जोडी कपडे. चढाचा काही संबंध नव्हता, तांदूळ होता तो.

मॅन्युअल काढून बघितलं तर माझ्या गाडीला जास्तीत जास्त १३० किलो वजन लिहिलंय, चालवणारा मागचा आणि सामान सगळं धरून. आमचं होत होतं १६०. हे कोणी बघतच नाही राव. आपल्याला वाटतं दोन माणसांची सीट आहे म्हणजे दोन माणसं आणि वर काय वाटेल ते चालतं. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल, मॅन्युअलमधे शोधा, आणि बॉक्सवर किंवा त्याच्या प्लेटवर त्याचा स्वतःचा वेगळा आकडा असतो तोही बघा, तो बहुतेक वेळा आपल्याला वाटतो त्याच्या निम्मा असतो. मी आता तांदूळ एसटीने आलेल्या मेव्हण्याबरोबर मागवतो, आणि जे आणायचं ते टँक बॅगमधे, माझ्या पोटापुढे. बॉक्समधे फक्त रेनकोट आणि हलकं काहीतरी. नुसत्या एवढ्याने हँडलचा हलकेपणा निम्म्याच्यावर गेला, एक पाना फिरवायच्या आधी.

पण आवाज होताच. मग टायर. दोन वर्षांपूर्वी मागचा टायर संपला तेव्हा मी हौसेने जाड टायर टाकला होता. मूळचा १००/९० चा, मी टाकला १२०/८०, दिसायला भारी. आता याचं गणित असं की पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमधे आणि दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के उंची. १०० च्या ९० टक्के म्हणजे ९०, आणि १२० चे ८० टक्के म्हणजे ९६. म्हणजे टायर नुसता रुंद नाही, सहा मिलि उंचपण झाला. त्यात रिम मूळची अरुंद, जाड टायर तिच्यात दाबून बसला की मधून अजून फुगतो. मडगार्डपासूनची जागा आधीच कमी, त्यातली सहा-आठ मिलि मी स्वतः पैसे देऊन खाल्ली. टायरवाला काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. मूळ साइझचा परत टाकला. जाड टायरने ग्रिप वाढते म्हणून वाद घालणारे भेटतील, त्यांना त्यांच्या मडगार्डच्या आत एकदा मोबाइलचा टॉर्च मारायला सांगा.

हवेचं पण सांगून टाकतो कारण ते सगळ्यात स्वस्त आहे. माझ्या गाडीला पुढे २५, मागे एकट्याला २८ आणि डबलसीटला ३२. स्टिकर चेनकव्हरवर किंवा चिमट्यावर (मागचं चाक धरणारा, फ्रेमला जोडलेला वरखाली हलणारा भाग) असतो, चिखलाखाली. मी वर्षानुवर्षं मागे २८ वरच डबलसीट फिरत होतो, आणि एकदा पंक्चरवाल्याने "लांब जाताय ना" म्हणून ४० भरून दिली होती. कमी असली की मागून डुलतं, जास्त असली की टायर मधूनच टेकतो आणि खड्ड्यात उडतो, पावसात तर बघायलाच नको. हवा थंड टायरमधे बघायची, म्हणजे घराजवळच, घाट चढून गेल्यावर हॉटेलजवळ थांबून नाही, तापलेल्या टायरमधे आकडा जास्तच दाखवतो. एक छोटा गेज घेऊन ठेवा, पंपावरच्या मशीनवर माझा फार विश्वास नाही.

आता मुख्य भाग, शॉकअप. इथे माझा समज असा होता की शॉकअप टाइट केले की स्प्रिंग कडक होते. होत नाही. मागच्या शॉकअपला खाली जी पायऱ्यापायऱ्यांची रिंग असते, पाच खाचा, ती फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते आणि गाडी त्या वजनाखाली कमी बसते, एवढंच. स्प्रिंग तीच राहते. म्हणून पाचव्या खाचेवर टाकूनही भलतं वजन लादलं तर खड्ड्यात ती तळाला लागणारच.

किती बसते ते अंदाजाने नाही, टेपने मोजायचं. मेन स्टँडवर गाडी लावली, मागचं चाक अधांतरी, एक्सलच्या नटच्या मध्यापासून ग्रॅब रेलच्या (मागच्याने धरायच्या दांडीच्या) बोल्टपर्यंत सरळ उभं माप घेतलं, ५१२ मिलि आलं. मग स्टँडवरून काढून मी बसलो, मित्राने मापलं, ४८०. म्हणजे मी एकटा असताना ३२ मिलि बसते. माझ्या गाडीचं मागचं चाक एकूण शंभरेक मिलि वरखाली होतं, त्याचा साधारण एक तृतीयांश वापरला गेला तर ते ठीक समजतात. मग बायको बसली, खाचा होत्या तशाच, माप ४५०, म्हणजे ६२ मिलि गेले. त्यात भरलेला बॉक्स, ७७ गेले. शंभरातले तेवीस मिलि उरले, आणि त्या तेवीस मिलिवर आम्ही मुळशीच्या पुढचे खड्डे घेत होतो. घर्रर्र होणार नाही तर काय होणार.

पाचव्या खाचेवर टाकल्यावर दोघं बसून ४६६, म्हणजे ४६ मिलि. जड बॉक्स काढल्यावर हेच राहतं. निम्म्याहून जास्त जागा शिल्लक. टूलकिटमधे तो वाकडा चंद्रासारखा पाना असतो, त्याने रिंग फिरते, पण मेन स्टँडवर लावून चाक हलकं असतानाच फिरवा, आणि आधी खाचांमधली माती ब्रशने काढा, नाहीतर पाना सटकून बोटं सोलली जातात. माझी सोलली. कधी हललीच नसेल तर थोडं तेल मारून अर्धा तास सोडा.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. परत परत का येत होतं? मापं घेताना मला दिसलं की डावा शॉकअप चौथ्या खाचेवर आणि उजवा दुसऱ्या. मी तर दोन्ही पाचव्यावर टाकून घेतले होते! विचारपूस केल्यावर कळलं की सर्व्हिसिंगला गाडी गेली की तिथला पोरगा शॉकअप सवयीने दुसऱ्या खाचेवर आणून ठेवतो, कारण बहुतेक गिऱ्हाइकं "गाडी कडक लागते" म्हणून तक्रार करतात. उजव्या बाजूला सायलेन्सर असल्यामुळे पाना कमी फिरतो का जास्त ते देव जाणे, पण दोन बाजू दोन खाचांवर. दोन्ही सारख्या नसल्या की चिमटा एका बाजूने जास्त दाबला जातो, थोडा पिळला जातो, आणि वळणात गाडी एका बाजूला गुळगुळीत तर दुसऱ्या बाजूला हट्टी वागते. माझे जुने शॉकअप बहुतेक चांगले होते, मी उगाच टाकून दिले. आता जॉबकार्डवर लिहून घेतो, "शॉकअपच्या खाचा बदलू नयेत", आणि तरी घरी आलं की आधी त्या मोजतो. दोनातून एकदा बदललेल्या असतातच.

चेनचंही तसंच. सर्व्हिसिंगमधे चेन ताणून देतात कारण सैल चेनचा आवाज येतो आणि गिऱ्हाईक परत येतं. मेन स्टँडवर रिकाम्या गाडीची चेन टाइट लावली की डबलसीट बसल्यावर ती वीणेच्या तारेसारखी होते. कारण चिमटा वर जाताना मागचं चाक आणि पुढचं छोटं स्पॉकेट (चेन ज्यावरून फिरते ते दातेरी चाक) यातलं अंतर बदलतं, आणि ते स्पॉकेट, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा एक्सल हे तिन्ही एका रेषेत आले की ते सगळ्यात जास्त असतं. एकट्याने बसून तिथपर्यंत गाडी जातच नाही, डबलसीटला जाते. माझ्या चेनला खालच्या बाजूला मधोमध २० ते ३० मिलि ढील लिहिलीय, सर्व्हिसिंगहून आली तेव्हा दहाच्या आसपास होती. आम्ही दोघं बसलो आणि मित्राने बोट लावलं तर चेन हलतच नव्हती. अशी चेन शॉकअपला नीट दबूच देत नाही, आणि गिअरबॉक्सच्या बाहेरच्या बेअरिंगवर नि ऑइल सीलवर जोर देत राहते. म्हणून चाक हळूहळू फिरवून चेन जिथे सगळ्यात ताठ लागते तिथे मोजायचं, आणि शेवटी दोघांनी बसून तिसऱ्याकडून बघून घ्यायचं की थोडी तरी ढील उरलीय का.

चेन ताणली की अजून एक गोष्ट होते जी कोणी सांगत नाही. चाक मागे सरकतं, त्यामुळे ड्रम ब्रेकची दांडी ओढली जाते आणि मागचा ब्रेक आपोआप टाइट होतो. पायाखालची ढील परत लावावी लागते आणि ब्रेक लाइटचं स्विचपण. मी एकदा हे विसरलो आणि पौडपर्यंत ड्रम चटका बसेल एवढा तापला होता.

हे सगळं करून डुलणं नव्वद टक्के गेलं, पण ट्रक गेल्यावरचं ते दोनदा हलणं अजून होतं. मग माझ्या नेहमीच्या गल्लीतल्या मेकॅनिक काकांकडे गेलो, साठीचे आहेत, कमी बोलतात. त्यांनी गाडी मेन स्टँडवर लावली, मागचं चाक दोन्ही हातांनी धरून डावीउजवीकडे हलवलं आणि मला म्हणाले, "चाकाकडे बघू नका, चिमट्याच्या मुळाशी बोट ठेवा." ठेवलं तर तिथे बारीक टक टक लागत होतं. चाक चिमट्यापासून वेगळं हललं असतं तर बेअरिंग, पण इथे चिमटाच फ्रेमपासून हलत होता. "बुश गेलेत साहेब. वजन घेऊन घेऊन." बुश म्हणजे चिमटा ज्या बोल्टवर हलतो त्याच्याभोवतीच्या नळ्या. शॉकअपपेक्षा कितीतरी स्वस्त काम, पण मागचं सगळं उघडावं लागतं म्हणून कोणी हात लावत नाही. बोल्ट आत गंजून बसला होता, काढायलाच दोन तास गेले. त्याच वेळी पुढचं चाक उचलून कोनसेटपण (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) बघून घेतला, हँडल हळू फिरवताना मधोमध खाच लागल्यासारखं झालं तर तो गेला समजायचं. माझा ठीक होता.

लाइटचं गणित सोपं आहे. भिंतीपासून पाच मीटरवर सपाट जागेत गाडी, एकटा बसून लोवरचा उजेड भिंतीवर जिथे संपतो तिथे खडूने रेघ, मग दोघं बसून दुसरी रेघ. जुन्या सेटिंगवर बॉक्स भरून दोन रेघांत वीतभराला जरा कमी अंतर आलं. पाच मीटरवर एवढं, तर पन्नास मीटरवर समोरच्याच्या थेट डोळ्यात. शॉकअप पाचव्यावर आणि बॉक्स रिकामा असा फरक पाचेक सेंटिमीटर उरला, तेवढा हेडलाइटच्या स्क्रूने खाली घेतला. डिप्पर मारणाऱ्यांची मनातल्या मनात माफी मागितली.

आता मागे बसणाऱ्याबद्दल, कारण सेटिंग म्हणजे नुसते नटबोल्ट नाहीत. बायको म्हणायची मी सारखी पुढे घसरते आणि ब्रेक मारलास की माझं हेल्मेट तुझ्यावर आदळतं. मला वाटायचं तिला बसता येत नाही. एकदा मी मागे बसलो आणि तिला चालवायला दिली, दोन किलोमीटरात समजलं. सीटचा फोम मधे दबून पुढे उतार झाला होता, आणि डाव्या फुटरेस्टचं रबर गुळगुळीत, पाय टेकून स्वतःला मागे ढकलायला काही आधारच नाही. नाना पेठेत सीट उघडून मागच्या भागात फोम बदलून घेतला, वरचं कव्हर न घसरणाऱ्या कापडाचं, आणि फुटरेस्टची रबरं नवीन. फुटरेस्टची पिन ढिली असेल तर तीपण, पाय ठेवला की ते खाली लोंबतं. सायलेन्सरचं जाळीचं कव्हर निघालं असेल तर लावा, पोटरीवरचा तो अर्धगोल डाग अर्ध्या महाराष्ट्राच्या पायावर आहे.

साडी गार्ड काढून टाकणाऱ्यांना मात्र मी हात जोडतो. दिसायला वाईट म्हणून काढतात. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ नंबरचा नियम आहेच की मागे बसणाऱ्याला धरायला पक्की कडी, पाय ठेवायला फुटरेस्ट आणि मागचं निम्मं चाक झाकेल असं कपडे अडकू न देणारं काहीतरी हवं. नियम राहू दे, सासूबाईंना एकदा माणगाव बाजारातून घरी आणताना पदर हवेत किती लांब जातो ते मी आरशात बघितलंय. एका बाजूला बसलेलं माणूस असेल तर वजन डावीकडे असतं, गाडी तिकडे ओढते, मी अशा वेळी चाळीसच्या वर नेत नाही आणि पदर ओटीत खोचल्याशिवाय क्लच सोडत नाही. हेल्मेट दोघांना, हे काय आता सांगायचं.

चढताना उतरताना आमचं ठरलंय, मी दोन्ही पाय जमिनीवर आणि पुढचा ब्रेक दाबून "बस" म्हणेपर्यंत ती हात लावत नाही. साइड स्टँडवर गाडी असताना फुटरेस्टवर पाय देऊन चढू नका, सगळं वजन त्या एका स्टँडच्या बोल्टवर येतं, माझा वाकलाय. वळणात तिने फक्त माझ्या आतल्या बाजूच्या खांद्यावरून बघायचं, मुद्दाम झुकायचं नाही आणि विरुद्ध बाजूला तर अजिबात नाही. ब्रेक मारताना मागे वजन असल्यामुळे मागचा ब्रेक एकट्यापेक्षा जास्त कामाचा ठरतो, पण थांबायला जागा जास्त लागतेच, म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर वाढवून ठेवतो. ताम्हिणीच्या विळे बाजूच्या उतारावर तिसऱ्या-दुसऱ्या गिअरमधे इंजिनवरच उतरायचं, ड्रमवर सारखा पाय ठेवला की तो तापून पकडच सोडतो, आणि न्यूट्रलमधे उतरणाऱ्यांना तर काय म्हणावं.

निघायच्या आदल्या दिवशी मी आता एवढंच बघतो: मागे हवा ३२, दोन्ही शॉकअप पाचव्या खाचेवर आहेत ना ते बोटाने मोजून, चेनला ढील, आणि मडगार्डच्या आत टॉर्च मारून नवीन घासलेली रेघ आहे का. एकट्याने ऑफिसला जायचं असलं की परत दुसरी खाच, नाहीतर पाचव्यावर एकट्याला कंबर मोडते. हे सारखं बदलणं कटकटीचं आहे खरं, पाच मिनिटं जातात, आणि पाना सीटखाली नाही तर गेटच्या खिळ्यालाच टांगून ठेवलाय.

मागच्या महिन्यात जाऊन आलो. येताना निजामपूरच्या पुढच्या एका ब्रेकरवर, जो दिसलाच नाही, एकदा "थड्ड" झालं. घर्रर्र नाही. बायको म्हणाली, "अरे, आईने तुझ्या नकळत बॉक्समधे नारळ टाकलेत सहा."